गोळ्यांबरोबर घराला डाळही द्या

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



मागणी आधी सांगते, कारणे नंतर. टीबी झालेल्या माणसाचे औषध चालू आहे तोवर त्याच्या घरातल्या प्रत्येकाला दरमहा तांदूळ आणि डाळ मिळावी. ती रेशनच्या दुकानातून मिळावी आणि तिचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून व्हावा. सातपुड्याच्या पायथ्याशी एका ग्रामीण रुग्णालयात मी टीबीचे रुग्ण तपासते. आमच्यासारख्यांनी ही मागणी पूर्वीही केली आहे, पण तेव्हा तिच्याकडे दयेपोटी केलेली विनवणी म्हणून पाहिले जायचे. आता तिच्यामागे रीतसर चाचणी उभी आहे, आणि त्या चाचणीचे आकडे एखाद्या चांगल्या लशीच्या आकड्यांशेजारी मांडता येतील असे आहेत.

ही चाचणी झारखंडच्या चार जिल्ह्यांत ऑगस्ट 2019 मध्ये सुरू झाली. 'रेशन्स' या नावाने ती ओळखली जाते. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव या दांपत्याने ती उभी केली आणि चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था त्यांच्यासोबत होती. फुप्फुसाचा टीबी झालेले 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरांतली 10,345 माणसे तिच्यात सहभागी झाली. यातली जवळजवळ दोन तृतीयांश माणसे संथाळ, हो, मुंडा, उरांव, भूमिज अशा आदिवासी समाजांतली. रुग्णांना सगळीकडेच शिधा मिळाला. औषध घेणाऱ्या माणसाला तुलनेसाठी उपाशी ठेवण्याचा प्रकार यात नव्हता. फरक होता तो घरच्यांच्या बाबतीत. एकूण 28 टीबी युनिटांपैकी निम्म्या ठिकाणी घरातल्या प्रत्येक माणसालाही दरमहा 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. हे सहा महिने चालले. औषधांना दाद न देणारा टीबी असलेल्या घरांत बारा महिने. कोणत्या युनिटच्या वाट्याला काय यावे हे संशोधकांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. मधल्या काळात करोना आला, टाळेबंदी आली, तरी शिधा पोहोचत राहिला.

जुलै 2022 अखेर हिशेब झाला. जिथे फक्त रुग्णाला शिधा मिळत होता, तिथल्या 4,724 घरच्यांपैकी 122 जणांना टीबी झाला. जिथे अख्ख्या घराला मिळत होता, तिथे 5,621 पैकी 96 जणांना. बाकीचे फरक हिशेबात धरल्यावर टीबीचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी भरले. तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा टीबी, म्हणजे खोकल्यातून पुढच्याला लागणारा, तो तर 48 टक्क्यांनी कमी होता. साधारण 30 घरांना शिधा दिला की एक नवा रुग्ण टळतो, असा त्याचा अर्थ. त्या वेळच्या दराने घरच्या एका माणसामागे महिन्याला सव्वातीनशे रुपयांच्या आसपास खर्च आला. ऑगस्ट 2023 मध्ये हे सगळे 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. आपल्या विभागात ते कुणी वाचले नसेल असे मला वाटत नाही. वाचून पुढे काय झाले, हे विचारायला हे पत्र आहे.

त्याच चाचणीतला रुग्णांचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा कमी झाली. औषध सुरू करताना पुरुष रुग्णांचे सरासरी वजन 42.6 किलो होते आणि स्त्रियांचे 36.1 किलो. ही वाढ पुरी झालेल्या माणसांची वजने आहेत. दर पाचांतले चार रुग्ण कमी वजनाचे होते. 17 टक्क्यांचा बीएमआय 14 च्याही खाली होता, म्हणजे अंगावर मांस म्हणून काही उरले नव्हते. या सगळ्यांना औषधांबरोबर तांदूळ, सातू, दूध पावडर आणि तेल यांचा दरमहा 10 किलोंचा शिधा मिळाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे दोन किलो.

आता प्रश्न असा, की इतकी उघड गोष्ट सिद्ध व्हायला 2023 साल का उजाडावे लागले? याचे उत्तर दुसऱ्या एका चाचणीत आहे, आणि तीही आपल्याच देशात झालेली. 1956 साली मद्रासमध्ये टीबीच्या औषधोपचारांचे केंद्र सुरू झाले. वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तिथे 193 रुग्णांचे दोन गट केले गेले. एक गट सॅनेटोरियममध्ये : चांगले जेवण, विश्रांती, मोकळी हवा. दुसरा आपल्या घरी : दाटीवाटी, निकृष्ट आहार, जमेल तसे काम. औषधे दोघांनाही सारखीच. वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. 1959 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर टीबीचा उपचार घरी नेता आला. त्या चाचणीने लाखो गरिबांना उपचार मिळवून दिले. खाटांची वाट पाहत मरण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. तिचे मोल कमी लेखण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही.

पण मद्रासमध्ये विचारलेला प्रश्न नेमका होता : औषध मिळाले तर कमी आहारातही जंतू मरतात का? त्याचे उत्तर 'हो' आले. पुढची पन्नास-साठ वर्षे धोरण आखणाऱ्यांनी त्या उत्तरातून भलताच अर्थ काढला, की टीबीत आहाराला फारसे महत्त्व नाही. जंतू मेल्यावर माणूस पुन्हा कामाला उभा राहतो का, औषध लागू पडेपर्यंत तो जगतो का, आणि त्याच्याच घरातल्या दुसऱ्या कुणाला मुळात टीबी का होतो, हे प्रश्न मद्रासमध्ये विचारलेच गेले नव्हते. त्याच मद्रासच्या केंद्राची पुढे राष्ट्रीय संस्था झाली आणि तिनेच झारखंडच्या कामाला हात दिला. अर्धा राहिलेला प्रश्न त्या संस्थेने पुरा करायला घेतला, याचे मला फार समाधान वाटते.

हा मुद्दा मी लांबवते आहे, कारण प्रशासनात अजूनही जुनाच अर्थ चालतो. जंतू शिरणे आणि आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांवरील सुमारे 31 टक्के भारतीयांच्या शरीरात टीबीच्या संसर्गाची खूण सापडली. हे सगळे रुग्ण नव्हेत. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांचे शरीर जंतूला डांबून ठेवते. तो कुणाच्या शरीरातून सुटतो? ज्याची प्रतिकारशक्ती एचआयव्हीने खाल्ली आहे त्याच्या, साखर ताब्यात नसलेल्या मधुमेह्याच्या, विडी-सिगारेट आणि दारू भरपूर असलेल्याच्या, दगडखाणीत धूळ गिळणाऱ्याच्या. आणि आपल्या देशात या सगळ्यांहून जास्त, ज्याला पुरेसे खायला नाही त्याच्या. बीएमआय एका अंकाने वाढला की टीबीचा धोका सुमारे 14 टक्क्यांनी उतरतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. भारतातल्या टीबीच्या जोखमीच्या कारणांत कुपोषणाचा वाटा सर्वांत मोठा आहे. गंमत नाही, जंतूवर औषध शोधायला जगाने अब्जावधी खर्च केले आणि जोखमीच्या पहिल्या कारणावर पहिली मोठी चाचणी व्हायला इतका काळ गेला.

आमच्या ओपीडीतली एक गोष्ट आपण स्वतः येऊन पाहावी, अशी माझी इच्छा आहे. नवा रुग्ण आला की पहिल्यांदा त्याला वजनकाट्यावर उभे करतात. कारण गोळ्यांची संख्या वजनावर ठरते : 25 ते 34 किलोला रोज दोन, 35 ते 49 ला तीन, 50 ते 64 ला चार. मोठ्या बायका दोन गोळ्यांच्या गटात येतात, तेव्हा काट्याजवळची नर्सताई मान वर न करता आकडा लिहिते. तिला तो रोजचाच झाला आहे. उपचारात वजन पाच किलोंनी वाढून माणूस वरच्या गटात गेला, की गोळी वाढवावी लागते. औषध वाढले म्हणून आनंद व्हावा असा आजार मी दुसरा पाहिलेला नाही.

घरी काय होते तेही सांगते. आशाताईंबरोबर एका पाड्यावर गेले होते. रुग्ण त्या घरची सून. देणगीतून तिला पोषणाचे किट मिळाले होते : डाळ, शेंगदाणे, गूळ, तेल. किट महिन्याचे; आठवड्यात संपले. घरात सासू, नवरा, दीर आणि तीन मुले. मी विचारले, तू किती खाल्लेस? ती सासूकडे बघून म्हणाली, पोरांना आधी वाढलं. सासूने लगेच सांगितले, बाई, एकाच चुलीवर दोन भाज्या कशा करायच्या? यात कुणाचा दोष काढणार? ज्या घरात डाळ पाहुणा आल्यावर शिजते, तिथे ती एकीच्या ताटात वाढून बाकीच्यांना कोरडी भाकरी देणे कुठल्याच बाईच्या हातून होणार नाही. त्या सहाही माणसांच्या छातीत तोच जंतू गेलेला असण्याची शक्यता मोठी. त्यांच्यातला कोण पुढे आजारी पडणार हे त्या चुलीवर काय शिजते यावर बरेच अवलंबून आहे. म्हणून शिधा रुग्णाला द्यायचा तर तो घराला द्यावा लागतो. झारखंडच्या चाचणीची रचना ज्यांनी केली, त्यांनी अशा घरांत वर्षानुवर्षे काम केले होते, हे तिच्या रचनेतच दिसते.

सरकार काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. एप्रिल 2018 पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यावर महिन्याला 500 रुपये येत होते. नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. वजन कमी असलेल्यांना पहिले दोन महिने जादा पोषक आहार द्यायचे ठरले. ही पावले चांगली आहेत. पण खाते आधारला जोडलेले नसले, नाव एका अक्षराने वेगळे निघाले, की पैसे अडकतात, आणि अडकतात ते नेमके पहिल्या दोन महिन्यांत, जेव्हा वजन वाढणे सर्वांत जास्त मोलाचे असते. शिवाय पैसे घरात आले की ते उधारीकडे जातात, रुग्णालयाच्या एसटी भाड्याकडे जातात. डाळ आली तर ती शिजतेच.

आणि घरच्यांचे काय? 2024 मध्ये केंद्राने त्यांनाही पोषणाच्या कक्षेत घेतले, ते 'निक्षय मित्र' उपक्रमातून. म्हणजे कुणी व्यक्ती, कंपनी, मंडळ स्वेच्छेने पुढे आले तर. अनेक जण मनापासून पुढे येतात. आमच्या तालुक्यातल्या काही शिक्षकांनी वर्षवर्षभर किट दिले आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण आजार थांबवणारा उपाय देणगीदार सापडण्यावर ठेवता येत नाही. लस आपण वर्गणी काढून देत नाही. ज्या तालुक्यात कारखाने आहेत तिथे मित्र पुष्कळ मिळतात, आणि जिथे भूक जास्त आहे तिथे कारखानेच नाहीत.

राज्याला हे जमणार नाही असे कुणी आपल्याला सांगेल, तर त्याला दोन गोष्टींची आठवण करून द्या. 2022 च्या दिवाळीत याच सरकारी यंत्रणेने रेशन दुकानांतून 'आनंदाचा शिधा' वाटला : रवा, साखर, चणाडाळ, तेल, शंभर रुपयांत, लाखो शिधापत्रिकांवर. आणि आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण 2015 पासून दिले जाते. दुकान आहे, यादी आहे, पॉस मशीन आहे. टीबीच्या नोंदणीशी शिधापत्रिका जोडली की त्या घराच्या नावावर महिन्याची जादा डाळ आपोआप उमटू शकते. आमच्याकडचे निम्मे पाडे दिवाळीनंतर रिकामे होतात. माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, गुजरातेत जातात. देशात कुठेही रेशन उचलण्याची सोय आता आहेच. ही डाळही त्या माणसांमागे गेली पाहिजे. रेशनवर आज धान्य मिळते, पण प्रथिने मिळत नाहीत, आणि झारखंडमध्ये घरच्यांना तांदळाबरोबर जी दीड किलो डाळ मिळाली तिचे मोल इथे आहे.

मृत्यू टाळण्यासाठी आणखी एक काम आहे आणि त्याला पैसा जवळपास लागत नाही. तामिळनाडूने एप्रिल 2022 मध्ये राज्यभर एक पद्धत सुरू केली. टीबीचे निदान झाले की त्याच दिवशी रुग्णाची उंची-वजन, पायांवरची सूज, श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन आणि तो आधाराशिवाय उभा राहतो का, एवढे पाहायचे. यात जो गंभीर ठरेल त्याला घरी न पाठवता दाखल करून घ्यायचे. एक्स-रे लागत नाही, विशेषज्ञ लागत नाही. काटा, टेप आणि बोटाला लावायचे यंत्र पुरते. ही पद्धत महाराष्ट्राच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एका परिपत्रकाने सुरू करता येईल. त्याच परिपत्रकात दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला पुन्हा वजन करणे सक्तीचे करा, आणि ज्याचे वजन वाढलेले नाही त्याच्या घरी त्या आठवड्यात कुणीतरी गेलेच पाहिजे असे लिहा.

मुंबईचे काय, असा प्रश्न रास्त आहे. झारखंडचे उत्तर गोवंडी-मानखुर्दला जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणत नाही. तिथे उपासमारीच्या जोडीला मधुमेह आहे, औषधांना दाद न देणारा टीबी आहे, आणि पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन उतरत नाही. म्हणूनच महाराष्ट्राने आपली स्वतःची चाचणी करावी. ती घडवण्याची ताकद या राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या साध्या कार्यकर्त्यांकडून बालकांच्या न्यूमोनियावर उपचार होऊ शकतात हे चाचणीने दाखवले. नवजात बाळांच्या घरगुती काळजीचे त्यांचे काम 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आले आणि 2011 मध्ये ते देशभर आशांमार्फत सुरू झाले. मध्ये बारा वर्षे गेली. एचआयव्हीचे औषध लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी टळतो, हे 2011 साली ज्या जागतिक चाचणीने दाखवले, तिच्या केंद्रांत पुणेही होते.

महाराष्ट्राच्या या चाचणीत मात्र घरांना शिधा न देणारा गट आता असू नये. शिध्याचा उपयोग होतो हे कळल्यावर तुलनेसाठी कुणाला तो नाकारणे अन्यायाचे होईल. सगळ्या जिल्ह्यांना दीड-दोन वर्षांत शिधा मिळणारच आहे असे जाहीर करा आणि कोणाचा क्रम आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आधी सुरू झालेल्या आणि नंतर सुरू होणाऱ्या जिल्ह्यांची तुलना आपोआप होईल, आणि कुणीही वंचित राहणार नाही. काही ठिकाणी डाळीबरोबर अंडी द्या, शहरात घरच्या सगळ्यांची साखर तपासा, आणि कशाने किती फरक पडतो ते मोजा. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पुण्यात संशोधन संस्था आहेत, आणि चाचणीला तयार असलेले तरुण डॉक्टर आमच्याकडेही आहेत. निष्कर्ष काहीही आले तरी ते छापले जातील, एवढी हमी मात्र आधी द्यावी.

देशाने 2025 पर्यंत टीबी संपवण्याचे ठरवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार 2015 मध्ये लाखामागे 237 नवे रुग्ण होते, 2024 मध्ये 187. घट खरी आहे, आणि ती घडवणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांचे श्रम मी जवळून पाहिले आहेत. पण याच गतीने पुढे गेलो तर आमच्या पाड्यावरच्या त्या तीन मुलांचे वय टीबी संपण्याआधीच निघून जाईल. चांगली औषधे, चांगल्या तपासण्या, नव्या लशी, सगळे यावे. पुण्यात बनणारी एक लस देशात 2019 पासून हजारो घरच्यांवर तपासली गेली, त्यातून काही हाती लागले तर आम्हीच पहिल्यांदा ती टोचू. तोवर जो उपाय हाती आहे, सिद्ध आहे आणि दुकानात पोत्यात भरलेला आहे, तो थांबवून ठेवू नका.

येत्या अर्थसंकल्पात टीबीच्या घरांसाठी डाळ-तांदळाची स्वतंत्र तरतूद करा आणि सुरुवात नंदुरबार, गडचिरोली, पालघर आणि मेळघाटापासून करा. अन्न व नागरी पुरवठा विभागाबरोबर एकत्र बैठक घेतलीत, तर आमच्यापैकी कुणीही स्वखर्चाने मुंबईला येऊन रुग्णांच्या वजनांची वही आपल्यासमोर ठेवेल.

आपली,
ग्रामीण रुग्णालयातील एक वैद्यकीय अधिकारी